संकलक : शरणबसव

शैलश्रीची आणि शरणबसवची पहिली गाठ पडली, तेव्हा तो मेलेला होता. निदान गुरुपादय्यांचं म्हणणं तसं होतं, आणि गुरुपादय्या काही उगाच तोंडाची वाफ दवडणारा माणूस नव्हे. कलबुर्गीच्या विद्यापीठात, वनस्पतिशास्त्र विभागाच्या हर्बेरियममध्ये त्यांनी शिपाई म्हणून छत्तीस वर्षं काढली होती. हर्बेरियम म्हणजे दाबून वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवून जपून ठेवायची खोली. रांगेनं लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, आणि भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागेल असा अंधार. त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलायला धजत नसे.

त्या दिवशी शैलश्रीनं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. एकावर तारीख होती १९७९ची, दुसऱ्यावर गेल्या आठवड्यातली. एकावरचं पान तपकिरी होऊन चुरा व्हायच्या बेतात आलेलं, दुसऱ्यावरचं अजून हिरवं. पण दोन्ही लेबलांवरचं अक्षर एकच... तीच मागं ओढलेली वेलांटी, तोच मोठ्या पोटाचा ‘ब’. आणि दोन्हीच्या खाली एकच ओळ होती. संकलक : शरणबसव, मु. पो. खटकचिंचोळी. संकलक म्हणजे ज्यानं ते झाड गोळा केलं तो.

“ह्यांचं वय किती असंल, गुरुपादय्या?” तिनं विचारलं.

गुरुपादय्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “ते वारले की. सत्त्याण्णव साली. मी सोता मातीला गेलतो. मांडी घालून बसवलं, विभूती लावली, माती लोटली. ह्या डोळ्यांनी बघितलोय.”

“मग हे कागद कोण धाडायलंय?”

“तेच धाडायलेत. दोन वर्षं झाली. दर सोमवारी टपाल येतंय. मी हात लावत न्हाई, लाकडी पट्टीनं कपाटात सारतो.”

शैलश्री हसली. विज्ञान शिकलेली मुलगी ती. कागदाला गुंडाळलेलं वर्तमानपत्र तिनं उलगडून दाखवलं. चार दिवसांपूर्वीचं होतं ते. मेलेला माणूस परवाचा पेपर कसा काय वाचतो, असं तिनं विचारलं. त्यावर गुरुपादय्या शांतपणे म्हणाले की वाचायला कुठं लागतोय, गुंडाळायलाच तर लागतोय. तिला मानेवरून काहीतरी गार सरकून गेल्यासारखं वाटलं.

आता ती तिथं कशी आली ते सांगायला हवं. एम.एस्सी. झाली तेव्हा शैलश्रीला वाटलं होतं, दारात नोकऱ्यांची रांग लागेल. रांग लागली, पण विभागाच्या सूचना फलकावर आणि तीही दुसऱ्यांसाठीच. औषध कंपनीतल्या प्रयोगशाळेला अनुभव हवा होता. उन्हाळी शिष्यवृत्तीच्या यादीत तिचं नाव प्रतीक्षेत लटकून राहिलं. बी.एड. करून टाक, असं निम्मी दुनिया सांगत होती. शेवटी फलकाच्या कोपऱ्यात, टाचणी निघालेला एक कागद उरला. ‘हर्बेरियमसाठी स्वयंसेवक पाहिजे. मानधन नाही. जुन्या नमुन्यांचे फोटो काढून लेबलं संगणकात भरायची. चांगलं काम करणाऱ्याची सह्याद्रीतल्या संशोधन केंद्रात वर्षभराच्या जागेसाठी शिफारस केली जाईल.’ मानधन नाही म्हटल्यावर तिथं गर्दी नव्हतीच, ती एकटीच होती.

तिकडं कमलनगरात तिचे अप्पा, बंडेप्पा, बी-बियाण्याचं दुकान चालवत. मुलीवर जीव, पण शब्दाचे पक्के. त्यांनी दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर हातात कुठलं पत्र आलं तर ठीक, नाहीतर करजगीचे पाहुणे येतील आणि सुपारी फुटेल. करजगीच्या मुलात काही खोट नव्हती. फक्त शैलश्रीला झाडांचं वेड होतं, आणि त्याच्या घरी सुनेनं मळ्यापलीकडं जायची रीत नव्हती.

तर तिनं त्या मेलेल्या माणसाला पत्र टाकलं. अगदी सरकारी भाषेत. ‘आपण पाठवलेल्या कागदावर फुलाचा रंग नमूद नाही. कळवावा. — शै., स्वयंसेवक.’

सोमवारी टपाल आलं. लेबलावर टीप होती, त्याच वळणदार अक्षरात. ‘तुमचं पत्र येईतो रंग उडाला. ताजा रंग पाहिजे तर लवकर विचारत जावं.’

शैलश्री एकटीच हसली, आणि हसता हसता थांबली. गुरुपादय्या दारातून बघत होते.

पुढच्या पत्रात तिनं नोंदीसाठी म्हणून वय विचारलं. उत्तर आलं, ‘दाखल्यावर एक आहे, समाधीच्या दगडावर एक. तुम्हाला कुठलं चालेल?’ तिनं लिहिलं, विद्यापीठाला थट्टा चालत नाही. त्यानं लिहिलं, ‘तुम्हाला चालते का तेवढं सांगा.’ मग एका सोमवारी, गवताच्या एका साध्या काडीखाली, हे आलं : ‘इकडं पाऊस तुमच्याकडूनच येतो. काल आला त्याला डांबरगोळीचा वास होता.’

तिनं ते लेबल तीनदा वाचलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दर सोमवारी ती पोस्टमनच्या आधी विभागात पोचू लागली. वसतिगृहातल्या मैत्रिणी विचारायच्या, कोण गं तो? काय सांगणार? सत्त्याण्णव साली वारलेला एक माणूस आहे म्हणून? भीती वाटत होती, हे खरं. पण न आलेल्या टपालाची भीती त्याहून जास्त वाटायला लागली होती.

आणि भाद्रपदात तो कागद आला. त्यावर एक बारीक वेल होती, आणि वेलीवर दोन फुलं. बोटाच्या पेराएवढी, खाली फुगीर, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली. हुबेहूब इवलासा कंदील. लेबलावर फक्त दोन ओळी होत्या.

स्थळ : शरणबसव यांची समाधी.

संकलक : शरणबसव.

शैलश्रीच्या हातातला चिमटा टेबलावर पडला. आवाज एवढा झाला की शेजारच्या खोलीतून विभागप्रमुख हेमावती मॅडम उठून आल्या. मॅडमनी भिंग लावलं, आणि बराच वेळ त्यांनी श्वास घेतला की नाही कुणास ठाऊक. मग हळूच खुर्चीत बसल्या. ही जात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कुणी पाहिलेली नाही, त्या म्हणाल्या. ज्या तांबड्या दगडाच्या माळावर ती उगवायची, तो माळच खाणीवाल्यांनी चौकोनी चिरे करून विकून टाकला. सगळ्यांनी तिला संपलेली धरलं होतं.

सह्याद्रीतल्या त्या केंद्राला फोन गेला. उत्तर चार दिवसांत आलं. फोटो लागतील, पण फोटोनं भागणार नाही. रोपवाटिकेत वाढवायला एक जिवंत कंद हवा. जो कुणी कंद आणेल, त्यालाच वर्षभर त्या झाडावर काम करायला ठेवून घेऊ. दुसऱ्या एका विद्यापीठातली मुलगी दुसऱ्या झाडासाठी रांगेत होतीच, म्हणून तीन आठवड्यांची मुदत. शैलश्रीनं कॅलेंडर पाहिलं. मुदतीचा शुक्रवार आणि दसरा ह्यांच्यामध्ये फक्त दोन दिवस होते.

ती हुमनाबादला बस बदलून खटकचिंचोळीला उतरली तेव्हा बारा वाजले होते, पण ढग असे खाली आले होते की सकाळ की संध्याकाळ कळू नये. भुरभुर चालू होती. थांब्यावर एक म्हातारा टपरीच्या आडोशाला बसला होता. शरणबसव कुठं भेटतील, तिनं विचारलं. म्हाताऱ्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“ते रानात बसलेत. वढ्याच्या पल्याड. जावा, तिथंच असतेत. आता कुठं जातेत ते?”

ओढ्याच्या पलीकडं तुरीचं रान होतं, ओलं आणि गप्प. बांधाला बेलाचं झाड, आणि झाडाखाली तांबड्या चिऱ्यांचा बुटका ओटा. मधोमध माती मोकळी सोडलेली, आणि त्या मातीतून सात-आठ वेली वर आल्या होत्या. त्यांना लगडलेले ते कंदील. समोरच्या दगडावर नाव होतं, शरणबसव, आणि खाली साल. वारा अजिबात नव्हता. तरी एक फूल हलत होतं. एकच, आतून कुणी दार वाजवावं तसं... थांबून थांबून.

शैलश्रीला पळून जावंसं वाटलं.

“मामंजीकडं आलीस व्हय?”

मागं एक बाई उभी होती. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात फडक्यानं झाकलेलं ताट. तिनं ते ताट ओट्याच्या कडेला ठेवलं, आणि अगदी घरच्यासारखं म्हणाली, “बस की. येतेत आता. जेवायच्या टायमाला कवाच चुकत न्हाईत.”

“मामंजी म्हणजे... तुमचे सासरे?”

“व्हय की.”

शैलश्रीनं दगडाकडं बोट दाखवलं. “पर ते तर वारले न्हवं?”

“वारले की,” बाई म्हणाली. “म्हणून तर परत आले.”

तेवढ्यात तुरीत सळसळ झाली, आणि गोणपाटाची खोळ डोक्यावरून पांघरलेला एक माणूस रानातून सरळ तिच्याकडं चालत आला. चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त हात, कोपरापर्यंत मातीनं माखलेले. दोन पावलांवर तो थांबला. ती किंचाळणारच होती, पण तिच्या तोंडून निघालं ते निराळंच.

“तुम्ही... जिवंत हायत ना?”

“सकाळी तरी व्हतो,” खोळीतून आवाज आला. मग खोळ मागं गेली. आत पंचविशीचा एक तरुण होता, पावसानं भिजलेल्या भुवया, आणि हसू दाबून दाबून दुखायला लागलेले गाल. “शै., स्वयंसेवक म्हणजे तुम्हीच व्हय? मला वाटलं, कोण तरी चष्म्यातली म्हातारी बाई असंल.”

त्या भागातल्या माणसाला हे लगेच उमगलं असतं, आणि शैलश्रीला स्वतःचाच राग आला. आजोबा गेले, वर्षाच्या आत नातू झाला, की आजोबांचं नाव नातवाला. मोठं माणूस घरात परत आलं म्हणायचं. तिच्या स्वतःच्या भावाचं नाव तसंच ठेवलेलं होतं. पण सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, मग ते नाव पोटच्या पोराचं झालं तरी. म्हणून ही बाई, उमादेवी, सव्वीस वर्षं आपल्या मुलाला मामंजीच म्हणत आली होती. लहानपणी रागवायचं झालं तरी अहो-जाहो. मामंजी, नाक पुसा. मामंजी, बोरं खाऊ नका, खोकला येतोय. शरणबसव हे सांगताना लाजला, आणि शैलश्री पहिल्यांदा मोकळी हसली.

अक्षराचं कोडंही सुटलं. धाकटा शरणबसव अक्षरं गिरवायला शिकला तोच मुत्यानं, म्हणजे आजोबांनी, मागं ठेवलेल्या लेबलांवर. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वडील गेले, रान अंगावर पडलं, कॉलेज सुटलं. झाडं मात्र सुटली नाहीत. कोरी लेबलं आणि विद्यापीठाचा पत्ता घरात होताच. दोन वर्षं तो कागद पाठवत राहिला. कुणी नको म्हणालं नाही, कुणी वाहवाही केली नाही. “पहिलं उत्तर तुमचंच,” तो म्हणाला, आणि मातीचे हात उगाचच गवताला पुसू लागला.

मग त्यानं तिला ते हलणारं फूल दाखवलं. आत माशी अडकलेली असते, तो हळू आवाजात सांगत होता. आतल्या केसांचा रोख खालच्या बाजूला, त्यामुळं शिरता येतं, निघता येत नाही. दिवसभर कोंडून ठेवतं, अंगाला पराग चिकटवतं, मग केस सुकतात आणि माशी सुटते. “श्वास धरा,” तो म्हणाला, “न्हाईतर ती घाबरती.” दोघांचे चेहरे एका इवल्याशा कंदिलाभोवती आले. शैलश्रीनं श्वास धरला. त्यानंही धरला असावा, कारण तेवढ्या वेळात तिला फक्त बेलाच्या पानांवरून पडणारं पाणी ऐकू आलं.

फोटो काढून झाले. ज्वारीची भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी खाऊन झाली. आता विचारायलाच हवं होतं. केंद्राची अट तिनं सांगितली, आणि एक कंद मागितला.

उमादेवी ओट्याकडं बघत बोलली. “हे कंद कुणी लावलं न्हाई, बाई. खाणवाले आले त्या साली मामंजी माळावरून शेवटचं घेऊन आले, आन् त्याच रातीला गेले. सकाळी बसवताना डाव्या हातात गळ्यातलं इष्टलिंग दिलं, रीतीपरमाणं. उजवी मूठ उघडंचना. चार जणांनी बघितलं. मग ऱ्हावू दे म्हणले, तसंच बसवले. दुसऱ्या पावसाळ्यात हे वर आलं.”

शैलश्रीनं ओट्याकडं पाहिलं. म्हणजे ह्या वेलींची मुळं कुठं, कशात... तिनं विचार तिथंच थांबवला. पण अंगावरचा काटा काही थांबला नाही.

“समाधीत कुदळ घालत न्हाईत,” शरणबसव म्हणाला. आवाजात कडूपणा नव्हता, पण गाठ पक्की होती. “फूल न्या, पान न्या. कंद न्हाई.” थोडं थांबून त्यानं विचारलं, “न्हाई नेला तर तुमचं काय व्हतंय?”

“काय न्हाई. दसऱ्याला करजगीचे पाव्हणे येतेत, सुपारी फुटती.”

हे ती हसत म्हणाली. तो हसला नाही. ओढ्यापर्यंत पोचवायला आला तेव्हा त्यानं आपली खोळ तिच्या डोक्यावर ठेवली, आणि बस दिसेपर्यंत दोघं अवघे चार शब्द बोलले. बसमध्ये बसल्यावर तिनं खिडकीतून पाहिलं. तो भिजत उभा होता, आणि त्यानं हात वर केला तो बस वळून दिसेनाशी झाल्यावरही खाली आणला नसणार, असं तिला वाटत राहिलं.

कलबुर्गीला येऊन तिनं हेमावती मॅडमना खरं ते सांगितलं. झाड आहे, पण ते एका माणसाच्या समाधीवर आहे. मी उकरा म्हणणार नाही. तुझं बरोबर आहे, मॅडम म्हणाल्या, पण केंद्र शुक्रवारी दुसऱ्या मुलीला कळवेल, माझ्या हातात काही नाही. घरी फोन केला तर अप्पा साड्यांच्या रंगाबद्दल विचारत होते. शैलश्रीनं हिरवा सांगितला आणि फोन ठेवला.

सोमवार आला, टपाल आलं नाही. पुढचा सोमवारही कोरडा गेला. गुरुपादय्या दारात उभे राहून म्हणाले, “सुटले म्हणायचं बिचारे.” त्या दिवशी शैलश्रीनं त्याचं कपाट उघडलं. दोन वर्षांचे कागद त्यात ओळीनं होते, आणि कोरड्याठाक कपाटातून ओल्या मातीचा वास आला. ती दार धरून उभी राहिली. आपल्याला नोकरी हवी होती, तेवढीच हवी होती, असं तिनं मनाला बजावून पाहिलं. मन ऐकेना. तिला तो हवा होता. उभ्या आयुष्यात एक दुपार भेटलेला, दोन माणसांचं आयुष्य एका नावानं जगणारा तो माणूस तिला हवा होता, आणि तो मिळायची काही सोय दिसत नव्हती.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला. शैलश्री धावली. पाण्याची कळशी गडगडत चालली होती, आणि गुरुपादय्या भिंतीला पाठ लावून, हात जोडून उभे होते. त्यांच्यापुढं शरणबसव. नाकडोळे, कपाळ, उभं राहायची ढब, सगळं थोरल्याचंच असावं.

“शरणप्पा,” गुरुपादय्या म्हणत होते, “पट्टीनं सारलो, चुकलं माझं.”

त्यांना समजावून, पाणी पाजून बसवेपर्यंत दहा मिनिटं गेली. मग शरणबसवनं काखेतलं ओलं गोणपाट टेबलावर ठेवलं आणि उलगडलं. तांबडी माती, मातीतून वर आलेली एक वेल, वेलीवर एक कंदील. तिनं कडेची माती बोटानं सारली. खाली कंद होता, लिंबाएवढा, जिवंत.

“कुदळ लावली न्हाई,” तो म्हणाला. “आईला विचारलो. ती म्हणली, माझं कशाला, ज्यांचं हाय त्यांना विचारा. मग परवा दुपारी जाऊन बसलो. हातानं माती काढलो. कोपरापतोर हात गेला, कंद हाताला लागला. वढलो... येईना. मुळं म्हणावं तर मुळं असं धरत न्हाईत.”

“मग?”

“मग सांगितलो त्यांना.”

“काय सांगितलात?”

तो टेबलावरच्या भिंगाशी चाळा करू लागला. बोटांना अजून माती होती. “म्हणलो, मुत्या, एक पोरगी हाय. अंधारात बसून तुमचे कागद वाचायलीय. तिला हे पाहिजे. घेतली की ती लांब जाईल, वर्षभर. जाऊ द्या, मला चालतंय. पर परत आल्यावर... तिचं मन असलं तर... मी तिला आपल्या घरी आणायचं म्हणतोय.”

शैलश्रीनं हळूच विचारलं, “आन् मग?”

“मग सोडले.”

तिनं कंद अलगद वर उचलला. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक, असे उथळ खळगे होते. दगडाच्या फटीत वाढला की कंदाला असे खळगे पडतात, हे तिला ठाऊक होतं, आणि तिनं तसं मोठ्यानं सांगितलंही. गुरुपादय्यांनी वाकून पाहिलं, मग ते बाहेर गेले, आणि बराच वेळ हात धूत राहिले. शैलश्रीनं कंद पुन्हा मातीत ठेवला. आपली बोटं त्या खळग्यांवर नेमकी बसतात का, हे तिनं करून पाहिलं नाही.

हेमावती मॅडमनी केंद्राला फोन लावला. दुपारी एकला पत्र आलं, संगणकावर, खाली सही-शिक्क्यासह. वर्षभराची जागा, राहायची सोय, रुजू व्हायची तारीख. शैलश्रीनं ते छापून घेतलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. अप्पांना दाखवायचं पत्र हातात होतं. पण ते फक्त एका वर्षापुरतं होतं.

“वर्ष लई न्हाई,” शरणबसव म्हणाला. तो दारात उभा होता, जायच्या तयारीत, आणि जात नव्हता. “पर तुम्ही काय बोलला न्हाईत अजून.”

“काय बोलू? विचारलात ते मुत्याला. मला कुठं विचारलात?”

तो गोंधळला. मग तिच्याकडं सरळ बघत, एकेक शब्द पारखून त्यानं विचारलं, “तुमचं मन हाय का?”

“हाय,” शैलश्री म्हणाली. “कवापासनं ते विचारू नका. तवा तुम्ही वारलेले व्हतात.”

तो हसला, अगदी लहान मुलासारखा, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तिनं पर्स खांद्याला लावली, गोणपाट त्याच्या हातात दिलं.

“आता कमलनगरला चला. माझे अप्पा जिते हायत. त्यांची मूठ जास्त घट्ट हाय. तिथंबी कुदळ चालत न्हाई.”

“मग काय करायचं?”

“मुत्याला जे सांगितलात, तेच सांगायचं. तसंच. एक शब्द गाळायचा न्हाई. मी शेजारी बसते.”

अडीचच्या बसला दोघांना एकाच बाकावर जागा मिळाली.